साडी गावठी, आणि बर्मुडा?

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि आमच्या तालुक्यातून बँकॉक-पटाया टूर वाढल्या. कुणी भिशीचे पैसे लावतं, कुणी ग्रॅच्युइटीचे. फिरावं की माणसानं! पण निघायच्या आधी घराघरात एकच चर्चा असते : बाईनं तिकडं काय घालायचं?

पुरुषांचं ठरलेलंच असतं. बर्मुडा, गॉगल, टोपी. त्यावर कुणी चर्चा करत नाही.

मागच्या वर्षी मीही अशा एका ग्रुपबरोबर गेलो होतो. साठीच्या एक काकू होत्या, आयुष्यभर साडी नेसलेल्या. मुलानं बजावलेलं, "आई, तिकडं साडी गावठी दिसते." दोन जीन्स आणून दिल्या. काकू विमानात चार तास अंग चोरून बसल्या, पुढचे दोन दिवस एकाही फोटोत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ग्रँड पॅलेस होता. त्या सकाळी सुती साडी नेसून खाली आल्या, कुणाला न विचारता.

दारावर अडवलं ते चिरंजीवांना. तिथं एमराल्ड बुद्धाचं मंदिर आहे, आणि राजवाड्याच्या आवारातच हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे, फाटक्या जीन्स चालत नाहीत. बाहेरून हत्तीछाप ढगळ पँट विकत आणून वर चढवावी लागली. काकू तोवर आत पोचल्या होत्या.

हे फक्त बँकॉकचं नाही. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्येही खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचेसुद्धा. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांना डोकंही झाकावं लागतं.

मे २०२३ मध्ये तुळजापूरला देवीच्या मंदिरात कपड्यांच्या नियमाचे फलक लागले आणि टीका झाल्यावर लगेच मागे घेतले. तेव्हा "नियम पाहिजेच" म्हणून स्टेटस ठेवणारे दोघं आमच्याच बसमध्ये होते. दोघंही बर्मुड्यात.

साडीची अडचण नसते असं नाही. सरकत्या जिन्यात काठ अडकायची भीती असते. पटायाहून कोरल आयलंडला गेलं की बोटीतून पाण्यात उतरावं लागतं, तिथं पंजाबी ड्रेसच बरा. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला उन्हाळ्यातही बर्फ असतो. आपल्या बायका साडीखाली थर्मल, वर जाकीट, पायात स्पोर्ट शूज घालून तिथं मजेत फिरतात. आणि ज्यांना जीन्स आवडते त्यांनी खुशाल घालावी, साठीतही घालावी. पण सोय बघून ठरवणं वेगळं आणि "लोकांत लाज वाटते" म्हणून आईचं लुगडं सोडवणं वेगळं.

परवा गावातल्या एका टूरवाल्याची सूचनांची यादी बघितली. बायकांच्या कपड्यांवर सहा ओळी, पुरुषांवर एकही नाही. फोन करून म्हटलं, "ग्रँड पॅलेसचा नियम पुरुषांच्याही नावानं टाक."

"टाकतो हो साहेब, पण ते वाचतात कुठं?"

पुढची टूर दिवाळीनंतर आहे. यादी आली की बघूच.