‘अँड’च्या उजवीकडे

मराठी माणसांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल, शोधनिबंध तपासण्याचं काम मी करते. मजकूर हाती आला की माझी नजर आधी ‘अँड’ शोधते आणि त्याच्या उजवीकडे सरकते. तिथे नवा कर्ता क्रियापदासह दिसला, तर ते संयुक्त वाक्य. ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम हवा. नुसतं क्रियापद असेल, तर कर्ता एकच आणि विधेय दुहेरी. मग सहसा स्वल्पविराम नको. ‘द डॉक्टर एक्झामिन्ड द चाइल्ड अँड रोट अ प्रिस्क्रिप्शन’ यात डॉक्टर एक, कामं दोन. ‘द डॉक्टर एक्झामिन्ड द चाइल्ड, अँड द नर्स टुक नोट्स’ यात दोन माणसं, दोन वाक्यं.

इतका छोटा नियम आपल्याला का अडतो? कारण आपल्या क्रियापदातच कर्ता दडलेला असतो. ‘आलो, बसलो, जेवलो’ म्हटलं की ‘मी’ सांगावा लागत नाही. ‘मी पुस्तक वाचलं आणि आवडलं’ हे तर मला फारच सुंदर वाटतं. वाचणारा मी, आवडलं ते पुस्तक. कर्ता मध्येच बदलला तरी कुणी अडखळत नाही. तेच ‘आय रेड द बुक अँड लाइक्ड’ असं उतरवलं की वाक्य लोंबकळतं. तिथे दोन्ही क्रियापदं ‘आय’चीच होतात आणि ‘लाइक्ड’ला ‘इट’ लागतं. ‘घरी येऊन, हातपाय धुऊन जेवायला बसला’ हे लिहिताना पुष्कळजण ‘हॅविंग कम’, ‘हॅविंग वॉश्ड’ अशी माळ लावतात. इंग्रजीला तिथे साधं जोडविधेय शोभतं: ‘ही केम होम, वॉश्ड अँड सॅट डाउन टू ईट’.

मराठीत विरामचिन्हं रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी, इंग्रजीच्या धर्तीवर. चिन्ह एकच असलं, तरी आपण ते बरंचसं श्वासाच्या अंदाजाने देतो. इंग्रजीत ते वाक्याची रचना दाखवतं.

अर्थ मात्र नियमाहून मोठा. ‘शी सॉ द मॅन हू स्टोल द बॅग अँड स्क्रीम्ड’ यात किंचाळलं कोण? चोर, असंच वाचणाऱ्याला वाटेल. किंचाळली ती असेल, तर कर्ता एक असूनही ‘अँड’आधी स्वल्पविराम द्यावा. मी तो बेधडक देते.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘थांबावंसं वाटेल तिथे स्वल्पविराम द्या’ असं मुलांना सांगू नका. त्यांना आधी कर्ता शोधायला शिकवा.