दोन बोटांची जागा

मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा मी आयुष्यभर बोटांनी मोजली. दोन बोटं शिरली तर गाडी सोडायची, एकच शिरलं तर ठेवून घ्यायची. गेल्या पावसाळ्यापासून माझे सांधे सुजतात. बोट अडलं की जागा कमी झालीय की बोटच जाड झालंय, हे मला कळेनासं झालं. भाच्याने दारूखान्याच्या बाजारातून ओळंबा आणला तेव्हा मला राग आला होता. गवंड्याचं हत्यार गॅरेजात कशाला, असं मी सगळ्यांसमोर त्याला बोललो. आता तो ओळंबा माझ्या पान्यांच्या शेजारीच खिळ्याला टांगलेला असतो.

निमित्त झालं एका एमजीबीचं. गाडी 1965 ची, उघड्या टपाची, स्पोकच्या चाकांची. मालक गिरगावचे, वडिलांची गाडी जीव लावून सांभाळणारे. तिचं 1798 सीसीचं इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनाचं थोरलं भावंड, त्यामुळे बॉनेटखाली मला कधी परकं वाटलं नाही. माझी झोप उडवली ती मागच्या डाव्या चाकाने.

जे. जे. उड्डाणपुलावर डावं वळण घेताना पुलाचा जोड आला की डावं टायर मडगार्डला घासायचं. खर्र आवाज आणि मागोमाग रबराचा वास. डाव्या वळणावर गाडी झुकते उजवीकडे. उजवा स्प्रिंगचा पाटा दबतो, डावा सुटतो. मग घासायचंच तर उजव्या चाकाने घासायला हवं. उजवीकडे माझी दोन बोटं आरामात शिरत होती. मी मडगार्डच्या आतल्या काठाला खडू फासला आणि मालकांच्या शेजारी बसून पुलावरून फेरी मारून आलो. डाव्या काठावरचा खडू वीतभर पुसला गेला होता आणि टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पांढरा पट्टा उमटला होता. उजवा खडू जसाच्या तसा.

आधी टायर पाहिले. मूळ गाडीला 5.60-14 चे अरुंद टायर येत, मालकांनी रुबाबासाठी 185/70 घातले होते. ते उतरवून डिझायरला चालतात ते 165/80 चे घातले. प्रत्येक बाजूला साधारण दहा मिलिमीटर वाचले. घासणं कमी झालं, थांबलं नाही. मग एक्सल. या गाडीत स्पोकच्या चाकांसाठी आखूड एक्सल येतो. कुणी साध्या चाकांच्या एक्सलवर हब चढवून स्पोक बसवले की चाकं बाहेर येतात. तेही तपासलं, एक्सल बरोबर निघाला. सेंटर बोल्ट शाबूत, यू बोल्ट घट्ट. शेवटी पाटे उतरवून त्यांना नव्याने कमान मारून घेतली आणि त्यांच्या टोकांचे सगळे रबरी बुश बदलले. गाडी मागून छान उचललेली दिसू लागली. मालक खूश आणि मीही. तीन महिन्यांनी गाडी परत दारात. पुन्हा बुश बदलले. यावेळी चार महिने.

रात्री पडल्या पडल्या मला ते चाक दिसायचं. गाडी वळली की बॉडी झुकते तशी ती आडवी सरकतेही, हे मला माहीत होतं. एमजीबीच्या मागच्या एक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा कारखान्याने दिलेलाच नाही. पाटे आणि त्यांच्या टोकांचे बुश धरतील तेवढंच. डाव्या वळणावर बॉडी एक्सलवरून उजवीकडे सरकली की डाव्या मडगार्डचा काठ आपणहून टायरजवळ येतो, त्यात पुलाच्या जोडाने चाक वर फेकलं की घासतं. पण बुश तर नवे होते! नव्या बुशात बॉडी सरकेल कशी, इथे माझं डोकं थांबायचं.

भाच्याने मडगार्डवर दोरा चिकटवून ओळंबा सोडला आणि पट्टीने मोजलं. डावीकडे 13 मिलिमीटर, उजवीकडे 24. या गाड्यांत कारखान्यातूनच थोडा फरक येतो, त्याचं मला नवल वाटलं नाही. मग शेजारच्या दोघांना बोलावून त्याने गाडी डिकीपाशी आडवी ढकलायला लावली. दोरा हलला. डावीकडचे 13 चे 7 झाले. माझ्या बोटाला हे सहा मिलिमीटर कधीच सापडले नसते.

पाट्याच्या पुढच्या टोकाचा बुश त्याने काढून माझ्या हातात दिला. रबर एका बाजूने चंद्रकोरीसारखं फाटलं होतं. चार महिन्यांत. तो खाली बघतच म्हणाला, “मामा, हा बोल्ट आवळला तेव्हा गाडी घोडीवर होती ना?”

होती. गाडी घोडीवर असताना चाकं लोंबत असतात. तेव्हा बोल्ट आवळला की रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली घेताच पिळलं जातं. मग ते रात्रंदिवस पिळलेलंच राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ खातं. तेच पिळलेलं रबर सुरुवातीला गाडी वर उचलून धरतं. ज्या उंचीवर मालक आणि मी खूश झालो होतो, त्यात पाट्याच्या कमानीइतकाच रबराच्या पिळाचा हात होता.

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी सांगितला होता: गाडीचं वजन चाकांवर येऊ दे, मग शेवटचा आटा. पण आमच्या गॅरेजात खड्डा नाही. वजन चाकांवर ठेवून आवळायचं तर अंधारात, पाठीवर, वीतभर जागेत पाना फिरवावा लागतो. घोडीवर मोकळा हात मिळतो, जोर लागतो. तिशीत मी तसं करायला लागलो आणि पुढे त्यालाच माझी खासियत समजू लागलो. माझा आवळलेला बोल्ट दुसऱ्याने सोडवून दाखवावा, असं मी गल्लीत म्हणत असे. शेकडो ॲम्बेसेडर आणि पद्मिनी मी तशाच आवळल्या. त्यांच्या मागच्या चाकांभोवती ऐसपैस जागा, त्यामुळे माझी चूक कधी घासून आवाज करू शकली नाही. इतकी वर्षं मी त्या ऐसपैस जागेला माझं कसब समजत होतो.

घासणाऱ्या गाडीचा मडगार्डचा काठ दांडक्याने आत वळवून देणाऱ्यांना मी नेहमी नावं ठेवली. अर्ध्या तासाचं काम, मालक खूश, रोग तसाच. काठ वळला की पत्र्यावरचा लेप तडकतो आणि पहिल्या पावसात तिथूनच गंज धरतो. बाहेरून मागवलेले कडक प्लास्टिकचे बुश घालणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बुश फाटत नाही हे खरं, पण पाट्याला जो थोडा पीळ घेऊ द्यायला हवा तो अडला की धक्का बॉडीत जातो, आणि साठ वर्षांच्या पत्र्याला तो सोसत नाही. घोडपदेव-रे रोडच्या पट्ट्यातली जुनी गॅरेजं एकेक करून टॉवरखाली जाताहेत. उरलेल्यांत सुटा भाग बदलून बिल करणारे जास्त आणि तो भाग का गेला हे शोधणारे थोडे. हे मी मोठ्या आवाजात बोलत आलो. आता बोलताना तो चंद्रकोरीचा बुश डोळ्यांपुढे येतो, कारण तोच भाग दोनदा बदलून मीही दोनदा बिल केलं होतं. तिसऱ्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत तेही मालकांना सांगितलं.

नवे बुश बसवून गाडी खाली घेतली. भाच्याने डिकीत दोन पोती वाळू टाकली, चार वेळा मागून दाबून पाटे जागेवर बसू दिले आणि मग गाडीखाली शिरला. मलाच शिरायचं होतं, पण खांदा वर जाईना. मी बॅटरी धरून बाहेर बसलो आणि त्याच्या पान्याचा आवाज ऐकत राहिलो. पोती काढल्यावर डावीकडे 16, उजवीकडे 21 भरले. ढकलून पाहिलं, दोरा जेमतेम एक मिलिमीटर हलला. भाच्याने तारखेसह आकडे भिंतीवर खडूने लिहिले. पावसाळा संपला तरी त्यांत फरक नाही. गाडी दर महिन्याला येते, मोजली जाते आणि चहा होईपर्यंत परत जाते.

एक गोष्ट मात्र मी भाच्यालाही सांगितलेली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या एमजीचं डावं चाक घासत होतं. बुश बदलले, तरी काही महिन्यांत घासायला लागलं. जुन्या गाड्यांची रॅली दोन दिवसांवर आली होती. रात्री शटर खाली ओढून मी स्वतः दांडक्याने तिचा काठ आत वळवला. परवा ती गाडी भायखळ्याच्या सिग्नलला दिसली. डाव्या मडगार्डच्या काठाला रंग फुगून आला होता, खाली तांबूस ओघळ. मालक तेच, नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.