दाराची चौकट वाकडी दिसते तेव्हा

मैत्रिणींनो, घरातलं वयस्कर माणूस ‘अंधुक दिसतंय’ म्हणालं की मोतीबिंदू म्हणून आपण मोकळ्या होतो. पण ‘वाकडं दिसतंय’ म्हणालं, तर गोष्ट वेगळी, बरं का!

आमच्या वसमतच्या घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा विचारलं, “अगं, ही दाराची चौकट अशी लचकल्यावानी कशानं दिसती?” डावा डोळा झाकला की वाकडी, उजवा झाकला की सरळ! शेजारच्या काकू म्हणाल्या, “मोतीबिंदू पिकू द्या, हळद निघाली की जा.” मला पटेना. मोतीबिंदूनं चौकट धूसर होईल, वाकेल कशी? तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला.

तिथं प्रकाशकिरणांनी डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद टिपला. याला ओसीटी म्हणतात. सुई नाही, दुखणं नाही. १९९१ साली हे तंत्र जगापुढं आलं. चित्र पाहिलं आणि मला तव्यावरची भाकरीच आठवली! निरोगी डोळ्यात थर एकावर एक नीट बसलेले, मधोमध छोटासा खळगा. आत्याबाईंच्या उजव्या डोळ्यात मात्र पापुद्रा सुटून फुगावा तसा पडदा उचललेला नि खाली काळी पोकळी. ते काळं म्हणजे झिरपलेलं पाणी. पडद्याखाली नको तिथं नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात. पडदा उचलला जातो, म्हणून सरळ रेघ वाकते.

मग हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन नावाचा पिवळा रंग देऊन भराभर फोटो काढले. चांगल्या वाहिन्या रंग धरून ठेवतात; कच्च्यांतून तो निसटतो आणि फोटोगणिक उजळ डाग पसरत जातो. (नंतर लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. आत्याबाई म्हणाल्या, “वसमतची हळदच पोटात गेली म्हनायची!”)

डोळा बधिर करून आत इंजेक्शन देतात, सुरुवातीला महिन्याला एक. ऐकून माझंच काळीज हललं, त्या शांत. पुन्हा ओसीटी काढायची, पाणी किती ओसरलं ते बघून पुढचं ठरायचं. खर्च नि खेपा आल्याच. आता चौकट बरीचशी सरळ दिसते, तांदळातला खडा सापडतो. मधला पुसट डाग मात्र राहिलाच.

तुम्ही एवढं करा. मुलांची चौकटीची गणिताची वही घ्या, पानाच्या मध्यावर ठिपका काढा. जवळचा चष्मा लावून, एक डोळा तळव्यानं झाकून ठिपक्याकडं बघा. मग दुसरा झाकून. स्वित्झर्लंडच्या डॉ. आम्सलरांची ही युक्ती. दोन्ही डोळे उघडे ठेवलेत तर चांगला डोळा दुसऱ्याचं दुखणं झाकून टाकतो. रेघ वाकली, तुटली, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, पडद्याच्या डॉक्टरांकडं, आणि त्याच आठवड्यात. साठीपुढचे विडी-सिगारेट ओढणारे कुणी घरात असतील, तर त्यांच्यापुढं वही आधी धरा.