खोली एक, वारस तिघे

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले, तेव्हा गाववाल्याच्या खोलीत त्यांना पथारीपुरती जागा मिळाली. पुढे १६० चौरस फुटांची खोली नावावर झाली. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. संडास सामाईक, भाडे मात्र नाममात्र. १९८२ च्या गिरणी संपात वडील घरी बसले, आई भाजी विकू लागली. खासगी घरमालक असता तर आम्ही तेव्हाच गावची एसटी धरली असती.

आता पुनर्विकास चालू आहे. जुन्या रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मोफत, आणि उरलेल्या जमिनीवर विक्रीच्या इमारती. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ घरांचा ताबा मिळाला. आमचे कुटुंब संक्रमण शिबिरात आहे, आमचा नंबर यायचा आहे. "टॉवरमुळे आपली वस्ती उठेल, घरे विकू नका," असे मी सभांतून सांगत आलो. बाबासाहेबांचे बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत होते, याचा दाखला देत आलो.

पण वस्ती काय टॉवर आल्यावरच उठते? लग्न झाल्यावर एका खोलीत दोन संसार मावेनात, म्हणून दादा २००४ साली बदलापूरला गेला. भाड्याचे घर शोधताना आडनाव ऐकून तीन ठिकाणी नकार मिळाला. ताई लग्न होऊन नालासोपाऱ्याला. माझ्या शाळासोबत्यांपैकी चाळीत किती उरले, ते बोटांवर मोजता येतील. यातले कोणी विकासकाने हुसकावले नव्हते.

वडील गेल्यावर खोली माझ्या नावावर करायची होती. दादा आणि ताई, दोघांनी स्टॅम्पपेपरवर ना हरकत लिहून दिली. तेव्हा गळक्या खोलीचे मोल कोणाला वाटणार? हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे भाषणात सांगणारा मी. बहिणीपुढे कागद ठेवताना मला ते आठवले नाही.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "कागदाने घर तुझेच आहे. पण मिळाल्यावर विकून तिघांत वाटता येईल का, एवढेच विचारतो." मी नेहमीचे बोललो : चळवळ, विहार, आपली माणसे. तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला. "भावजी, तुम्ही वस्ती राखलीत, खरे आहे. आम्ही इतकी वर्षे गाडीला लोंबकळतोय. ते कशाच्या खाती धरायचे?"

आईला विचारले. ती म्हणाली, "लिफ्ट बंद पडली तर मी विहारात कशी जाऊ, ते आधी सांग."

रविवारी वही घेऊन बदलापूरला गेलो. बी. कॉम. असल्याने हिशेब मांडायची खोड. देखभाल खर्च, घरपट्टी, वीज. म्हाडा काही वर्षे देखभालीचा भार उचलणार आहे, त्यानंतर माझ्या पगारात ते घर झेपेल का, हेही लिहिले होते. ताईही आली होती. तिने वही चाळली, म्हणाली काहीच नाही. वहिनींनी पेन मागून घेतले आणि खाली एक ओळ वाढवली : रेल्वेचे पास, २००४ पासून. पुढचा रकाना रिकामा ठेवला.

तो आकडा मी अजून भरलेला नाही. घर विकायचे नाही, हे माझे मत आजही कायम आहे. पण तो स्टॅम्पपेपर पुढे करून ते मांडायचे नाही, एवढे बदलापूरहून परतताना गाडीत उभ्या उभ्या ठरवले.