पाहुणा ओसरीवर

दुसरी मिस्सा आटोपून आम्ही बंगल्याकडे वळलो, तो ख्रिस्तशिक्षण वर्गातील सात-आठ मुले पायऱ्यांवर वाट पाहत उभी. पुढच्या मुलीच्या हातात फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत बोटभर लांबीचा, पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल मासा. आमच्या सणाची भेट म्हणून मुलांनी खाऊचे पैसे साठवून तो मुंबईहून मागवला होता. "फादर, लगेच सोडू या ना टाकीत?" मुलांनी विचारले. आम्ही "नाही" म्हणालो. मुलांचे चेहरे पडले. त्यांना त्या घटकेला जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेले तारापोरवाला मत्स्यालय मनातून कधी गेले नाही, त्याचे हे उतारवयातले फळ म्हणावे. समुद्र सायकलने दहा मिनिटांवर, मिठागरांसाठी प्रसिद्ध असलेली ही वसई, आणि फादर मात्र पुड्यातले मीठ विकत आणून लिटरला ३५ ग्रॅम या मापाने बादलीत कालवतात, याचे आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना अजून हसू येते. किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, त्यात काय काय मिसळलेले असेल याचा नेम नाही, हे आम्ही त्यांना पुष्कळदा सांगितले आहे. टाकीत प्रवाळ नाहीत. २००१ सालापासून त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दगड, गोगलगायी, दोन कोळंब्या आणि मासे, एवढाच आमचा संसार.

२०२२ साली हा संसार आम्ही स्वतःच्या हाताने मोडला. दुकानात एक निळा टँग पाहिला आणि मोह आवरला नाही. अंगावर डाग नव्हता, दुकानदाराच्या हातून खातही होता. घरी आणून पिशवीसकट तासभर टाकीत तरंगत ठेवला आणि सोडला. चौथ्या दिवशी त्याच्या कल्ल्यांजवळ मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दोन दिवसांनी ते नाहीसे झाले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेथेच फसलो.

हा रोग क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या एकपेशीय परजीवीचा. तो माशाच्या त्वचेत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो, दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. कवचात त्याचे विभाजन होते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एकेका कवचातून शेकडो नवे जीव पोहत बाहेर येतात. मासा स्वच्छ दिसतो तेव्हा रोग टळलेला नसतो. तो तळाशी दबा धरून बसलेला असतो. तांब्याच्या औषधाने हे पोहणारे जीव मरतात, पण त्वचेतले आणि कवचातले मरत नाहीत. शिवाय त्याच तांब्याने कोळंब्या व गोगलगायी मरतात. म्हणजे रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की तेथे त्यावर औषध घालण्याची सोय उरत नाही.

बारा दिवसांत सहा मासे गेले. टँग गेला, तीन कार्डिनल गेले, एक रास गेला, आणि पाच वर्षे आमच्याकडे असलेल्या जोकर माशांच्या जोडीतील मादीही गेली. उरला तिचा नर. त्याला टबात काढून तांब्याचे औषध दिले आणि टाकी ७६ दिवस माशांविना ठेवली, जेणेकरून तळाशी राहिलेले जीव यजमान न मिळून संपावेत. त्या काळात मुले रविवारी यायची, दगड पाहायची आणि निघून जायची.

तरीही नवा मासा वेगळा ठेवावा की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता सहज सुटलेला नाही. हा छंद वर्षानुवर्षे करणारे काही जण वेगळे ठेवण्याच्या विरुद्ध असतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हांला पोकळ वाटत नाही. प्रवासाने आधीच थकलेला जीव उघड्याबोडक्या टबात टाकायचा. तेथे मैला पचवणारे जीवाणू पुरेसे नसतात, म्हणून अमोनिया साठतो. बुजरा मासा अन्न सोडतो. गेल्या वर्षी एक गोबी आम्ही नियमाने वेगळा ठेवला आणि टबाला झाकण घालायचे विसरलो. पहाटे तो फरशीवर वाळलेला सापडला. मोठ्या टाकीला झाकण होते. त्याला सरळ तेथे सोडला असता तर तो कदाचित आज असता, ही टोचणी अजून आहे.

'क्वारंटाइन' हा शब्द २०२० साली आपल्याकडे प्रत्येक घरात पोहोचला. त्याचे मूळ व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस' या शब्दात आहे. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, येथे प्लेगच्या भीतीने १३७७ साली बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम झाला. पुढे तिसांचे चाळीस झाले. व्हेनिसने तर १४२३ साली प्लेगच्या रोग्यांसाठी एका बेटावर रुग्णालयच उभारले. चाळीस हा आकडा आपल्या उपवासकाळाचाही, म्हणून मुलांना तो पटकन पटला. बाकीचे पटवायला वेळ लागला. "पाहुण्याला ओसरीवर ठेवायचे का, फादर?" असे एकाने विचारलेच. आमच्या आईनेही हेच विचारले असते.

डॅमसेलसाठी मागच्या खोलीत ४० लिटरचा टब मांडला, या वेळी झाकणासह. लपायला पाइपचे तीन तुकडे घातले. मोठ्या टाकीत आधीच मुरवून ठेवलेला स्पंज फिल्टर लावला, म्हणजे जीवाणू तयारच मिळावेत. तांबे मात्र घातले नाही. ठिपका दिसला तरच घालायचे ठरवले, कारण निरोग्याला औषध पाजणे आम्हांला रुचत नाही. पहिले चार दिवस तो पाइपातून बाहेर आला नाही, पाचव्या दिवशी कोळंबीचा बारीक तुकडा घेतला. तिसऱ्या दिवशी अमोनिया चढला होता, तेव्हा रात्री अकराला अर्धे पाणी बदलावे लागले.

आज एकविसावा दिवस. मुलांनी खोलीतल्या फळ्यावर खडूने चाळीस रेघा ओढल्या होत्या. दर रविवारी सात पुसतात. आज पुसताना सर्वांत धाकट्याने विचारले, "फादर, आत अजून एक मासा आहे, हे ह्याला माहीत आहे का?" मध्ये भिंत आहे, आम्ही म्हणालो, त्याला दिसत नाही. मुलाने थोडा विचार केला आणि फळ्यावरच्या उरलेल्या रेघा मोजल्या. एकोणीस होत्या.