कमठाचें अंथरूण

२०२४ सालच्या मे महिन्यांत कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां विलायतेस गेलों. तिचें बिऱ्हाड इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत आहे. कन्या व जांवई दोघेंही नोकरीचीं, नात शाळेंत जाणारी. त्यामुळें सकाळीं आठापासून दुपारीं साडेतीनपर्यंत घरांत उरत तीं आम्ही दोन म्हातारीं माणसें आणि एक कासव.

हें कासव भूमध्य समुद्राच्या कांठच्या जातीचें; हर्मनचें कासव या नांवानें तिकडे ओळखलें जातें. वय तीन वर्षें, आकार तळहाताएवढा. नातीनें टेलिफोनवरून संस्कृत नांव मागितलें होतें, तेव्हां अमरकोशांतील कूर्माच्या पर्यायांतून 'कमठ' हें आम्हींच काढून दिलें होतें. तीस वर्षें वर्गांत स्थितप्रज्ञाचीं लक्षणें शिकवितांना गीतेंतील कासवाचा दृष्टांत आम्हीं समजावून दिला. परंतु कासव खातें काय, असें एकाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर आमचें उत्तर चुकलें असतें.

तें चुकलेंच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं कमठापुढें टोमॅटोच्या फोडी व पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवला. त्यानें तो इतक्या हावरेपणानें खाल्ला कीं आम्हांस धन्यता वाटली. तीन दिवस हा क्रम चालला. चौथ्या दिवशीं त्यास हगवण लागली व तें कोपऱ्यांत डोळे मिटून बसलें. नात शाळेंतून आली, तिनें ताटली पाहिली, आणि रागें न भरतां एवढेंच म्हणाली, "आजोबा, त्याला फळं नसतात द्यायची. पोटांत आंबतात तीं." तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांपुढें आम्ही कधीं इतके ओशाळलों नव्हतों, तितके या दहा वर्षांच्या मुलीपुढें ओशाळलों.

ओशाळण्याचें कारण नुसतें केळें नव्हतें. १९६७ सालीं, आम्ही नऊ वर्षांचे असतां, गुंटकलकडे रेल्वेंत असलेल्या आमच्या मामांनीं पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें एक मुठीएवढें कासव आमच्या वाईच्या घरीं आणून दिलें. तें माजघरांत, गुळगुळीत शहाबादी फरशीवर राही. आजी त्यास देवाचें मानी, म्हणून दूधभात, पोळीचा कुस्करा, सणावारीं शिरादेखील त्याच्या वाट्यास येई. आणि तें वाढण्याचा मान आमचा असे. दोन वर्षांत त्याची पाठ उंचसखल झाली, पाय फांकून तें सरपटूं लागलें, आणि पोटाकडचें कवच बोटानें दाबलें असतां दबूं लागलें. १९६९ च्या पावसाळ्यांत तें गेलें. "कासवं शंभर वर्षं जगतात, हें आधींच म्हातारं असेल," असें वडील म्हणाले. आम्हीं तें परसांत प्राजक्ताखालीं पुरलें.

तें म्हातारें नव्हतें, तान्हें होतें. हें समजावयास आम्हांस पंचावन्न वर्षें लागलीं.

समजलें तें असें. कमठास जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां त्या बाईंनीं आम्हांस शाळकरी पोरासारखें समोर बसवून सांगितलें कीं, या प्राण्याचें आंतडें चोथा भरपूर, चुना भरपूर व प्रथिनें बेताचीं अशा पाल्यासाठीं घडलेलें आहे. दूध व शिजलें धान्य त्यास नकोच. शिवाय खाल्लेला चुना अंगीं लागावयास उघडें ऊन हवें. खिडकीच्या कांचेंतून येणारें ऊन त्या कामीं निरुपयोगी, म्हणून घरांत खास दिवा लावावा लागतो. आमच्या माजघरांत दिवसादेखील कंदील लागे! निघतांना बाईंनीं चुन्यासाठीं एक पांढरा, हलका तुकडा हातावर ठेवला. तो आम्हीं पाहतांक्षणीं ओळखला. आपल्या वैद्यकांतील समुद्रफेन. कान वाहूं लागला म्हणजे आजी तो उगाळी. ज्या घरांत कासवाचें कवच मऊ पडत होतें, त्याच घरच्या फडताळांत तो पडून होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं परस हातीं घेतला. तिकडचे लोक हिरवळींतून जें तण उपटून फेंकतात, तेंच कमठाचें पक्वान्न. डँडेलियन हें पिवळ्या फुलाचें, मोडतांच पांढरा चीक येणारें रोप सर्वांत आवडतें. प्लँटेन हें आपल्या इसबगोलाचें भावंड. सो-थिसल लवकर वाढतें. मॅलो ही जास्वंदीच्या कुळांतली; पान चुरगाळलें कीं बोटांस तीच बुळबुळ लागते. खुद्द जास्वंदीचीं पानेंफुलें व तुतीचा पालाही चालतो. पालक मात्र, आम्हांस वाटला होता तसा, पथ्याचा नव्हे. त्यांतील आम्ल पोटांतला चुना अडकवून ठेवतें.

तीन पसरट तबकें मातीनें भरून त्यांत बीं विरळ भुरभुरावें व वर नखभर माती टाकावी. डँडेलियनचें बीं तर नुसतें दाबून उघडेंच ठेवावें, त्यास उजेड लागतो. रोपें चार बोटें झालीं कीं एक तबक कासवाच्या पेटींत ठेवावें. त्यानें तें चरावें, तुडवावें, मग तें बाहेर काढून दुसरें ठेवावें. डँडेलियनचें मूळ चिवट, तें पुन्हां फुटतें. कीटकनाशक अर्थातच वर्ज्य. रोपवाटिकेंतून आणलेल्या रोपाच्या अंगीं औषध मुरलेलें असतें. तें नव्या मातींत लावून, कांहीं आठवडे वाढवून, नवा पाला आल्यावरच द्यावें. रस्त्याच्या कडेचें तण आणूं नये. कुंपणाशीं फॉक्सग्लव्हचे जांभळे तुरे होते. त्यांचें विष हृदयावर चालतें, आपल्या कण्हेरीसारखेंच. ते तुरे व डॅफोडिलचे कंद आम्हीं काढून घरापुढच्या अंगणांत नेले. कन्येस तें फारसें रुचलें नाहीं.

आतां अंथरुणाविषयीं. दुकानदारानें सुवासिक लाकडाच्या कपच्या दिल्या होत्या. दिसावयास स्वच्छ, पण त्यांतून उडणारें तेल श्वासास अपायकारक. नुसती वाळू अन्नाबरोबर पोटांत जाऊन आंतडें तुंबवूं शकते. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. हें ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें ती शहाबादी फरशी उभी राहिली. आम्हीं दोन भाग निव्वळ माती व एक भाग धुतलेली वाळू मिसळून पेटींत वीतभर थर केला. ओल धरावी म्हणून थोडा नारळाच्या काथ्याचा भुसा घातला. तो आपल्या देशांतून व लंकेंतून विटा करून तिकडे जातो, हें पाहून कोंकणांतील आप्त भेटल्यासारखें झालें. मात्र एकटा तो घालूं नये, वाळला कीं धूळ होते. माती मुठींत दाबली असतां लाडू वळावा पण पाणी सुटूं नये, अशी तळाशीं ओली आणि वर कोरडी असावी. २००३ सालीं आफ्रिकेंतील मोठ्या जातीच्या पिलांवर झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, पाठीवर टेंगळें येण्यास अन्नांतील प्रथिनांपेक्षां कोरडी हवा अधिक कारण होते. खाणें वाढावयास एक सपाट दगडी पाटी ठेवावी. तीवर चोंच व नखें झिजतात. म्हणजे फरशी हवी खरी, पण ताटापुरती.

शतपथ ब्राह्मणांत अग्निचयनाच्या वेदींत जिवंत कासव ठेवण्याचा विधि आहे. त्यास दहीं, मध व तूप लावितात, आणि खालींवर अवका नांवाची पाणवनस्पति पसरतात. पूर्वीं वाचतांना आमचें लक्ष दहींमधाकडे गेलें होतें, या खेपेस अवकेकडे गेलें. त्या कासवाचें पुढें काय होई तें सांगावयास नको. पण त्यास अंथरूण ओलें लागतें, हें त्या याज्ञिकांनीं पाहिलें असावें.

एका रविवारीं जवळच्या सेलबोर्न गांवीं गेलों. तेथील पाद्री गिल्बर्ट व्हाइट याचा निसर्गनिरीक्षणावरील ग्रंथ १७८९ सालीं निघाला. त्याच्या बागेंत १७८० पासून टिमोथी नांवाचें कासव होतें. तें हिंवाळ्याच्या तोंडीं जमिनींत स्वतःस कसें पुरून घेतें, हें त्यानें बारकाईनें लिहून ठेवलें आहे. (टिमोथी ही मादी होती हें मागाहून कळलें!) परतीच्या वाटेवर नातीनें विचारलें, "आजोबा, तुमच्या कासवाचं नांव काय होतं?" आम्हांस आठवेना. बहुधा ठेवलेंच नव्हतें. सगळे त्यास कासवच म्हणत.

हें वाचून कोणी कासव आणावयास निघेल, म्हणून सांगतों. आपल्याकडील चांदण्यांचें कासव घरीं बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून परदेशांशीं होणाऱ्या त्याच्या व्यापारावरही कडक आंतरराष्ट्रीय बंदी आहे. शुभ म्हणून चोरून विकणारे भेटतात. त्यांस दारांत उभें करूं नये. कोणाकडे असल्यास त्यानें तें वनखात्याच्या हवालीं करावें. कमठाच्या विक्रीचा सरकारी दाखला जांवयांनीं जपून ठेविला आहे.

ऑगस्टांत निघण्यापूर्वीं तिन्ही तबकें आम्हीं पुन्हां पेरून ठेविलीं. गेल्या आठवड्यांत नातीनें पेटीचें छायाचित्र पाठविलें. आम्हीं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें. तींत नुसती माती दिसते. खालीं तिनें लिहिलें आहे, "तो आंत झोपलाय."