नखाएवढं टार्गेट

बँकेत २२ वर्षं नोटा मोजून माझ्या बोटांनी जो नावलौकिक कमावला होता, तो गेल्या सोमवारी सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी धुळीला मिळाला. पासबुक घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने शेजारच्या रांगेत गेले. माझ्या डाव्या हाताच्या पाचही नखांवर मोरपिसं होती.

खुलासा करतो. आमची कन्या बी.कॉम. करता करता ‘नेल आर्ट’ शिकली. आमच्या लहानपणी नखांची कला म्हणजे प्रार्थनेनंतर बाई हात उलटे करून बघायच्या आणि पट्टी मारायच्या, तेवढीच. हिने थेट स्पर्धेत उतरायचं ठरवलं. त्याला मॉडेल लागतं. सौ.चे हात सदैव कणकेत किंवा भांड्यांत. घरात रिकामे हात फक्त माझेच, हे दोघींनी एकमताने ठरवलं.

(कृत्रिम ॲक्रिलिक नखांची सुरुवात १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने स्वतःचं तुटलेलं नख दातांच्या मसाल्याने सांधून केली म्हणतात. विद्या मुळात पुरुषाच्याच हातावर जन्मली, असं मी बँकेत सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.)

पहिल्या स्पर्धेला तिचं टार्गेट एकच : पहिलं बक्षीस. विषय, दहा नखांवर दशावतार. वेळ ९० मिनिटं. घंटा झाली तेव्हा गाडी वामनावर अडकली होती. पाच नखं देवांची, पाच माझी. त्यातला नरसिंह फार सुबक उतरला होता. नखांवर कुणाचा हक्क असेल तर तो त्याचाच. पण अर्धवट कामाला गुण कोण देणार? पोरगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रंगांची पेटी माळ्यावर गेली. “बाबा, मला नाही जमणार.”

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. बढतीसाठी जे.ए.आय.आय.बी.चे सगळे पेपर पहिल्याच दमात काढायचे, असा पण मी करायचो आणि दरवेळी सगळ्यांत आपटायचो. शेजारच्या काउंटरवरचा गडी एका वेळी एकच पेपर मनावर घेई. तो आता केबिनमध्ये बसतो आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो.

मी पेटी खाली काढली आणि घड्याळ लावून बसलो. एका अवताराला ११ मिनिटं. म्हणजे दहांना ११०. शिवाय नखं घासणं, कडा साफ करणं, शेवटचा चकाकीचा हात, याची २० वेगळी. हाती ९०. एवढी तूट आमच्या शाखेच्याही ताळेबंदात कधी आली नव्हती! उरली ७० मिनिटं, नखाला ७. तेवढ्यात देव बसत नाही, मोरपीस बसतं.

मग कागदावर दोनच ओळी लिहिल्या. दहाही नखं वेळेत पूर्ण. रंग कातडीवर सांडणार नाही. बक्षिसाचा कॉलमच ठेवला नाही. तिने तोंड वाकडं केलं, पण रोज रात्री माझे हात दिव्याखाली जाऊ लागले. जेलचा थर तिथे मिनिटभरात कडक होतो; काढायला मात्र ॲसिटोनचा कापूस गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बसावं लागतं. त्या अवस्थेत पेपर वाचता येत नाही आणि नाकही खाजवता येत नाही.

परवाच्या रविवारी दहावं नख झालं तेव्हा ४ मिनिटं शिल्लक होती. नंबर नववा आला. येताना रिक्षात ती माझा हात धरून प्रत्येक नख तपासत होती. “अंगठ्याची कड जरा जाड झाली ना?” पुढच्या वेळचं टार्गेट तयार!

ॲसिटोनची बाटली उजव्या हातावरच संपली, असं मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. बाटली अर्धी भरलेली आहे.

काल दाढी करताना पाहिलं तर आरशावर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी होती : ‘बाबा – एक पेपर.’